आमचे संस्थानिक

१२ मार्च २०१६, हिल्सबरो
बाबा पोचले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. एवढ्या लांबच्या विमानप्रवासातही टाय. मी गळ्यात पडायला गेले तर हात पुढे केला. रेवाला म्हणाले, "कशा आहात आपण?" नऊ वर्षांच्या नातीला. ती खुसखुसली. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, स्वतःच, वाकडंतिकडं. बारीक झालेत.

१३ मार्च
गोंधळ. काल संध्याकाळी मीच "बाबा, जेवण ओट्यावर आहे, लागेल तसं घ्या" म्हणाले आणि समीर, रेवा आणि मी नेहमीसारखे ताटल्या घेऊन सोफ्यावर. वाटलं, दमून झोपले. सकाळी पाहते तर सगळं जसंच्या तसं. "भूक नव्हती." कसली नव्हती. बोलावल्याशिवाय हा माणूस जेवायला बसत नाही. आई रोज खोलीच्या दाराशी जाऊन म्हणायची, "अहो, पान वाढलंय, चला." आणि परत येताना माझ्या कानाशी, "निघालं संस्थान."

३ एप्रिल
भांडी घासताना आईचे बाबांसाठीचे शब्द आठवत होते. कुणाकडे जाऊन गप्प बसले की शिष्ट. औषध घेईनात की हेकट. रिक्षावाल्याशी वाजलं म्हणून उन्हातून चालत आले की ताठ. कपाट जागचं हलवू देईनात की आडमुठे. स्वारी खुशीत असली की आमचे संस्थानिक.
रेवाला विचारलं, अशा माणसाला तू काय म्हणशील? "स्टबर्न." आणि तशाला? "स्टबर्न, मम." एवढ्यावर आईचं सकाळच्या चहापर्यंतही भागलं नसतं.
फार आठवण आली. नळ चालू ठेवून रडून घेतलं.

१ मे
शेजारच्या ग्लेनिसने कुंपणावरून पिशवीभर फिजोआ, इथली पेरूसारखी फळं, दिली होती. वर "पॉप ओव्हर एनी टाइम." तेव्हापासून बाबांचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर तयार. बोलावणं आलं का, रोज विचारतात. अहो, तेच बोलावणं होतं. "दिवस नाही, वेळ नाही. ते सौजन्य झालं, आमंत्रण नव्हे."
आज बाबा पिशवी परत करायला गेले. प्लास्टिकची पिशवी, धुऊन, वाळवून, आत मूठभर साखर. रिकामं परत करायचं नाही ना. बेल वाजवली नाही. ती बाहेर येईपर्यंत फाटकापाशी पावसात उभे. ग्लेनिसचा फोन, ही साखर फिजोआवर घालायची का? मग म्हणाली, "ही'ज स्टॉन्च, युअर डॅड." म्हणजे ताठ, न वाकणारा. इथे ही शाबासकी. आईने ऐकलं असतं तर आठवडाभर घेऊन जा म्हणाली असती.

१७ जुलै
गाडीत, सहज बोलल्यासारखं: "राहायचं असेल तर राहा बाबा. व्हिसा वाढवता येतो. आमची काही हरकत नाही."
"आभारी आहे."
आणि घरी आल्या आल्या परतीचं तिकीट नक्की करायला सांगितलं. पोटच्या मुलीला आभारी आहे. शिष्ट, शिष्ट, शिष्ट.
समीर माझा नवरा असून त्यांच्या बाजूने. "तू विचारलंस कुठे? हरकत नाही म्हणालीस."
मग त्यांनी म्हणावं की, मला राहायचंय. तोंड आहे ना.

६ ऑगस्ट
रोज संध्याकाळी रेवा त्यांच्या दाराशी जाते. "आजोबा, पान वाढलंय, चला." तिचं एवढंच मराठी, पण स्वच्छ. ते बाह्यांची बटणं लावून लगेच येतात. दोनदा भात घेतात. पट्टा जुन्या भोकावर आलाय.
तिकडे कोण हाक मारणार?
बारावीनंतर आमचा अबोला होता. माझी कॉलेजची निवड त्यांना पटली नव्हती. आई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत निरोप पोचवून थकली. "दोघं सारखेच हेकट. मी मेल्यावर कसे बोलणार आहात कोण जाणे."
तेच तर.

७ सप्टेंबर
उद्याचं विमान. बॅग दोरी बांधून तयार.
आज रेवाला थांबवलं, मीच गेले. दाराशी उभं राहून म्हटलं, "बाबा, पान वाढलंय, चला." आवाज आईसारखा आला असावा. ते एकदम उठले, मला बघून जागीच थांबले.
मी दारातून हलले नाही. "बाबा, जाऊ नका. तुम्ही इथे राहावं अशी माझी इच्छा आहे. राहाल का?"
त्यांनी बाहीचं बटण लावलं. मग दुसरं.
"हे आमंत्रण समजायचं?"
"हो."
"जेवून सांगतो."
जेवले. आता खोलीत आहेत, दार उघडं ठेवलंय, एरवी लावून घेतात.
निघताना हातावर दही द्यायचं म्हणून दूध कोमट करून ठेवलंय. विरजण अजून लावलेलं नाही.