एकीच्या दोन झाल्या

ती. आईस,

सदाशिव पेठेतून अपेक्षाचा जय भीम.

फोनवर बाबा 'जेवलीस का'च्या पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून लिहिते. जेवले. मेसच्या काकू प्रत्येक भाजीत गूळ घालतात, आता त्याचीही सवय झाली.

मोठी बातमी! प्रयोगशाळेत आम्ही बनवलेली पेशी काल वाढली आणि एकीच्या दोन झाल्या. बाटल्यांतल्या रसायनांपासून जिवंत पेशी, आई! चैताली मॅडम एरवी पेन पडलं तरी रागावतात, त्या चक्क नाचल्या. पेढे वाटले. पुढे अशा पेशींकडून औषधं बनवून घेता येतील म्हणतात. आपल्या धाकट्या साईच्या सिकलसेलच्या आजारावरही निघेल का गं काही? त्याचे पाय दुखायचे थांबले ना?

पेशींना नावं द्यायची नाहीत, असं मॅडमनी बजावलंय. मी मनातल्या मनात तुझंच दिलं, चंपा. तीही एका जागी बसत नाही म्हणून.

आणखी एक. काम झालं की उरलेल्या पेशी मोठ्या कुकरमध्ये घालून मारायच्या, हा नियम. बाहेर सुटल्या तर काय करतील कोणालाच ठाऊक नाही, म्हणजे नियम बरोबरच. पण आपलं पहिलं शील जीव न मारण्याचं. तू तर ओट्यावरच्या मुंग्यांनाही वाट देतेस.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "आधी जीव कशाला म्हणायचं ते ठरवा, मग रडा."

पुढच्या महिन्यात कुकर लावायची पाळी माझी. बटण दाबताना मी मनात काय म्हणू, तेवढं कळव.

एका चंपाची लेक आणि दुसरीची आई,
अपेक्षा