दहाचा शिक्का चालतो

शनि., ८ नोव्हें.
चक्की सकाळपासून सुरू, पण बाया नाहीत. सगळ्या कापूस वेचायला. दुपारी गल्ला उपसला तर दहाची नाणी पुन्हा मूठभर. आमच्या बोरीत ती कोणी घेत नाही. किराणावाला नाही, पानवाला नाही, ऑटोवाला तर शिवी दिल्यासारखा बघतो. काहींवर दहा रेघा, काहींवर पंधरा, म्हणून एक खरं नि एक खोटं, हे गावानंच ठरवून टाकलं. दोन्ही खरी आहेत, बँक मुकाट घेते, हे सांगून थकले. शेवटी पाटीच लावली, दहाचा शिक्का चालतो. अख्ख्या गावात अशी पाटी माझ्याच दारावर. हे म्हणतात, गावचा कचरा जमा करून राह्यली तू. करते. माझा नाण्यांचा डबा त्याच कचऱ्यावर भरला आहे.

आज विशेष काही नाही. एक दोनचं सापडलं, वर्षाखाली चांदणी, म्हणजे हैदराबादच्या टांकसाळीचं. ते आधीच आहे. परत गल्ल्यात.

सोम., १० नोव्हें.
सापडलं. असं नाणं आयुष्यात एकदा येतं.

नीट लिहिते. सकूमाय ज्वारी घेऊन आली. मागच्या गल्लीतली, एकटीच राहते. डोळे भरलेले. चहापत्ती आणायला गेलती, दहाचा शिक्का दिला तर किराणावाल्यानं तो फळीवरून परत सरकवला नि चार लोकांत म्हणाला, या वयात खोटा शिक्का खपवते का बुढे. चहापत्ती न घेताच आली. तोच शिक्का दळणापायी माझ्या हातावर ठेवला, पण भीत भीत. मी न बघता गल्ल्यात टाकला. पाटी लावली म्हणजे घ्यायचंच.

ती गेल्यावर उचलून पाहिला. हाताला पीठ होतं, ते अक्षरांत बसलं आणि दिसलं. मधली पांढरी चकती एका अंगाला सरकलेली, पिवळ्या कड्यावर चढलेली. दुसऱ्या अंगाला कड्याजवळ फट. चक्की बंद केली नि नुसती बसून राहिले.

मंगळ., ११ नोव्हें.
भिंगाखाली चार वेळा पाहिलं. प्रश्न एकच. टांकसाळीची चूक की कोणी हातोडीनं ठोकून केलेला उद्योग? ठोकलं असतं तर अक्षरं चेपली असती. इथं रेघा चकतीवरून कड्यावर सरळ उतरतात, कुठं तुटत नाहीत. म्हणजे चकती आधी सरकली, छाप नंतर बसला. टांकसाळीचीच चूक. मला तरी शंका नाही.

यांना दाखवलं. आधी हसले. मग मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला नि एकदम लाखाच्या गोष्टी. त्या व्हिडिओवाल्याला फोनही लावला. तो म्हणे आधी नोंदणीचे पैसे पाठवा, मग गिऱ्हाईक देतो. मी फोन हातातून काढून घेतला. लाख देणारा माणूस आधी आपल्याकडून कशाला मागेल? हे थोडे खजील झाले, मग प्रेमानं म्हणाले, चिंचेनं घासून चकचकीत करून देतो. लक्ष्मीपूजनाला घासतो तसं हे घासलं की किंमत गेलीच. डबा गव्हाच्या कोठीत लपवला.

रवि., १६ नोव्हें.
यवतमाळ. नाण्यांचं प्रदर्शन. ठेवणीतली साडी नेसून गेले, नाणं रुमालात. नाणी पारखून घेणाऱ्या टेबलामागचे गृहस्थ वयस्कर, मोजकं बोलणारे. भिंग लावलं, वजन केलं, कडेनं फिरवलं. मी तोंड उघडलं नाही. मग तेच म्हणाले, छाप सलग आहे, ठोकलेलं नाही, टांकसाळीतूनच असं निघालं. माझा शब्दन् शब्द! ताई, नजर चांगली आहे तुमची, म्हणाले. अडीच हजार देतो म्हणाले. लाख नाही, पण मी धरलेल्या भावाच्या जवळच.

छाती फुगली, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं पिठात हात घालून जे बघत आले ते खरं निघालं.

पण विकलं नाही. विचार करून सांगते म्हटलं. येताना बसमधून लोहारा गाव मागे पडलं आणि सकूमाय डोळ्यांसमोर आली. तिनं दळणाचे दहा रुपये दिले, मी दहा रुपयांचं दळण दिलं. हिशोब चुकता. हे म्हणतीलच, आता ते आपलं. तरी नाणं डब्यात टाकवेना, रुमालातच ठेवलं.

सोम., १७ नोव्हें.
सकूमायला सांगितलं. शिक्का खरा आहे, नुसता खरा नाही, अडीच हजाराचा आहे. विकू, अर्धे तुझे. तिनं नाणं उलटंपालटं केलं. पैशाचं जणू ऐकलंच नाही.

"खरा हाय न वं? सरकारचा?"

म्हटलं, शंभर टक्के सरकारचा.

"मंग मले पैसे नोको. शिक्का दे. त्याच्याच दुकानात चालवाचा हाय मले."

समजावलं. दुसरं दहाचं घेऊन जा, माझ्याकडे ढीग आहे. तर म्हणाली, "खोटा याले म्हनला. याच्यापायी मी लबाड झाली चार लोकाइत. त्यानं हाच हातात घेतला पाह्यजे."

विचार करते म्हटलं. ती टोपलं उचलून गेली.

बुध., १९ नोव्हें.
दोन दिवस जीव थाऱ्यावर नाही. हे म्हणतात, अडीच हजार किराण्याच्या गल्ल्यात टाकणार, वेडी झाली का? पाटी माझी. शिक्का चालतो हे मीच गावाला सांगत आले. मग तो माझ्या डब्यातच का अडकून बसावा?

दुपारी नाणं नेऊन दिलं. सकूमायनं कपाळाला लावलं नि लुगड्याच्या टोकाला गाठ मारली. उद्या सकाळी जाऊ म्हणाली, तू पण चाल. बँकवाल्यांकडून मी, सगळी दहाची नाणी चालतात, असा कागद मागून आणला आहे. तो घेऊन जाईन. बोलेल मात्र तीच.

किराणावाल्यानं घेतलं तर माझं नाणं गेलं. नाही घेतलं तर नाणं वाचतं, पण सकूमाय दुसऱ्यांदा मान खाली घालून येते. असं नाणं मला परत मिळायचं नाही, हे पक्कं ठाऊक आहे. तरी मनापासून वाटतं, त्यानं घ्यावं.