पुडीचा आवाज

देवणी. रविवार, संध्याकाळ.

नवा मेटल डिटेक्टर अजून बाजारात यायचाय, पण आम्हा चौघा हौशी मंडळींना त्याचे गुण सहस्रनामासारखे पाठ आहेत. बसप्पाआप्पांचा प्रश्न मात्र एकच: "सर, चांदी किती खोल दिसंल?" वहिनींचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, एक जोडवं त्यांच्या सोयाबीनच्या रानात पडलं. आम्ही तीन वर्षं शोधलं. मागल्या वर्षी वहिनी गेल्या. एका पायात जोडवं नव्हतंच, तशाच मातीत ठेवल्या.

आज नव्या यंत्राचं माहितीपत्रक वाचताना अडखळलो. जुन्या यंत्रात गुटख्याच्या पुडीच्या चंदेरी कागदावर वाजणारा आवाज बंद केला, तर बारीक चांदीचाही बंद होतो म्हणे. तो मीच बंद केला होता, पहिल्याच दिवशी. वर हसलो होतो, "पुड्या वेचायला आलोय का आप्पा?" म्हणजे तीन वर्षं आम्ही त्या जोडव्यावरूनच...

"काय लिवलंय, सर?" शेजारी बसलेल्या आप्पांनी विचारलं.

"खोली वाढवलीय."

"मग घावतंच की! समाधीपाशी ठिवून येऊ."

खरं तर जुन्या यंत्रानंही सापडेल. पुडीचा आवाज तेवढा सुरू करायचा. पण आधी आप्पांना सांगायला हवं. उद्या सकाळीच जातो. नको, सकाळी ते समाधीवर फुलं वाहायला जातात. दुपारी जाईन.