काळीच्या गाठी बसल्या तेव्हा

बाबा, आपल्या काळीला झालं होतं तेच आता माझ्या कुत्रीला झालंय. गळ्याखाली आवळ्याएवढ्या गाठी, तशाच मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे. अंगावरून हात फिरवताना लागल्या आणि माझा हात तिथंच थांबला. घरात हाक मारून सांगावं असं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. शाळेतल्या भाषेत लिहिते हो, नाहीतर वरून लाल शाईच्या खुणा कराल. तुम्ही तर वर-बिर काही मानत नव्हता, ते जाऊ द्या.

आई गेली त्याच वर्षीची गोष्ट. मी चौथीत होते. काळी आईची, तव्यावरची पहिली भाकर तिची ठरलेली. आईमागे ती भाकर तुम्ही थापायला लागलात, कडा फाटलेली, मधे कच्ची. काळी बिचारी तीही खायची. मग तिचा गळा सुजला. शेजारची चाची म्हणाली, "मास्तर, बिब्याची फुली मारा, गाठ बसून जाते." तुम्ही कडाडलात, "मुक्या जनावराले कायले जाळता? दवाखाना कायले हाय मंग?" एसटीत कंडक्टर कुत्रं घेईना, तेव्हा कोणाची तरी बैलगाडी मागून आणून आपण मेडशीहून मालेगावला गेलो. मला बैलांजवळ बसवून तुम्ही तिला आत नेलंत. बाहेर आलात ते एवढंच म्हणत, "गोळ्या देल्ल्या डॉक्टरनं. गाठी बसतील."

आणि बसल्या की! आठवड्याभरात गळा साफ, काळी पुन्हा कोंबड्यांमागे. चाचीनं तर छाती पुढे काढून सांगितलं, "सच सांगू मास्तर? तुमच्या चोरून शेपटीच्या बुडाले बिब्बा लावला मीनं!" तुम्ही एरवी केवढे तापला असता. त्या दिवशी नुसतं "बरं केलं" म्हणालात. मी शिऱ्याचा हट्ट धरला. तुम्ही केलात, गुठळ्या झालेला. काळीलाही ताटली वाढली. मी नाचतेय, आणि तुम्ही "खाय बाई, खाय" म्हणत आपली भरली ताटली घेऊन ओसरीत जाऊन बसलात. मला वाटलं, आईची आठवण आली असेल.

तुरी सोंगायच्या वेळी गाठी परत आल्या आणि काळी गेली. पुढं बाजारात तो डॉक्टर भेटला. माझ्या देखतच म्हणाला, "मास्तर, सांगितलं होतं ना, गोळ्यांनी दबतं, जात नाही. पानथरी, प्लीहा म्हणतात ती, सुजून पोटात हाताला लागत होती तिची. मी तर महिनाच धरला होता, तिनं दिवाळी काढली." मी तुमचा हात सोडला. "तुमाले मालूम होतं? मंग मले काहून नाई सांगतलं?" तुम्ही म्हणालात, "सांगतलं असतं तर तू शिरा खाल्ला असता काय?" हे काय उत्तर झालं, बाबा? तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

आता अकोल्याची डॉक्टर पोरगी काही म्हणता काही लपवत नाही. गाठीत बारीक सुई घालून तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, आणि मला समोर बसवून म्हणाली, "मावशी, हा गाठींचा कॅन्सर आहे. एकाच जागी गाठ असली तर पहिली पायरी. शरीराच्या पुढच्या किंवा मागच्या एकाच भागात दोन-चार असल्या तर दुसरी. अंगभर झाल्या की तिसरी, यकृत-पानथरीत उतरलं की चौथी, रक्तात गेलं की पाचवी. तुमची तिसरीत आहे, पण खाते-पिते, हे चांगलं." इंजेक्शनं घेतली तर बहुतेक कुत्री ती सोसतात, रोग दबतो, कधी वर्षभरही, पण मुळासकट क्वचितच जातो. काळीच्या त्या गोळ्या अजूनही देतात हो! नुसत्या त्यांच्यावर महिना-दोन महिनेच निघतात. आणि आधी गोळ्या सुरू केल्या तर मागून इंजेक्शनं नीट लागू पडत नाहीत, म्हणून आत्ताच ठरवा, म्हणाली.

"घरी विचारून सांगते," मी सवयीनं बोलून गेले. घरी कोणाला विचारणार, कप्पाळ? कुत्रीलाच विचारलं. तिनं शेपूट हलवली आणि मी इंजेक्शनांना हो म्हटलं.

काल तिच्या गाठी बसल्या. अगदी तशाच. गळ्यावरून हात फिरवला आणि तुमची ती भरली ताटली डोळ्यांपुढे आली. तुम्ही मला अर्धंच सांगितलंत, कारण अर्धं सांगायला तुमच्या घरात मी होते. माझ्या घरात सगळं मलाच ठाऊक आहे, बाबा. फार एकटं वाटतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? गहू ठेवते त्या कोठीवर पडून राहील. पण एक सांगते. पाचही पायऱ्या पाठ असून काल मी शिरा केला. मनुका घातल्या नाहीत, कुत्र्याला चालत नाहीत. तिच्यापुढे थोडा ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "बरी झाली वं तू, खाय." घटकाभर मलाही ते खरं वाटलं.