चौथ्या मुक्कामाची भाजी

माय, तुझी पणती लग्नानंतर खायला निघाली आहे. हसू नको, खरंच सांगते. ऊर्जानगरच्या क्वार्टरात माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसून ती आणि तिचा होणारा नवरा रोज मोबाइलवर ठरवत असतात, थंडीत कुठल्या गावी उतरायचं आणि तिथं काय खायचं. पहिला मुक्काम समुद्राकाठी, माशांसाठी. दुसरा कुठल्याशा डोंगरावर, तिथं म्हणे वाफेवरचं काहीतरी मिळतं. देव नाही, देऊळ नाही, नुसतं पोट. काल पोरीनं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी हनिमून वगैरे नसेलच ना?" मी म्हटलं, नसायला काय झालं, आमचाही झाला आणि तोही खाण्याचाच. मग काय, दोघं सरसावून बसली. मी पहिला मुक्काम सांगितला, दुसरा सांगितला, तिसराही सांगितला. "आणि शेवटचा?" शेवटचा तुझ्या घरचा होता, माय. मी धडधडीत म्हणाले, "शेवटच्याला माझ्या मायनं गावठी कोंबडा केला होता." दोघंही खूश झाली. माझी जीभ काही झडली नाही. पण रात्रभर पडून राहिले आणि सकाळी नातवाची वही मागून घेतली.

तुला आमच्या आत्याबाईंचा, माझ्या सासूचा, तो बेत कधी नीट कळला नाही, म्हणून आधी तो सांगते. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ माझं. धान घरात आलं, मळणी आटोपली, तशा एक दिवस त्या अंगणात तणसाच्या ढिगाला टेकून बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "रेंगी काढ, बैल जुप. नवरीले घेऊन फिरून ये." कुठं, तर पहिल्यांदा नणंदेकडं तलावाच्या गावी, तिथं तलावातले मासे आणि उकडलेले शिंगाडे. मग धानोऱ्याकडं मामाच्या घरी, रानात, तिथं मोहफुलांची भाकर आणि मध. मग वैनगंगेच्या काठी मावशीकडं पानगे आणि वांग्याची भाजी, नदीच्या गाळातली वांगी. "अन वापस येतानी नवरीच्या मायकडं. जे करन ते खाजा." सोबत कोणी नाही, दोघंच. शेजारणींनी तोंडाला पदर लावले. एकीनं विचारलंही, "दोघंच कुठी चालले वं, जत्रेले?" आत्याबाई म्हणाल्या, "जेवाले चालले. काऊन, तुले यायचं हाये?" मला मात्र चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "माया लग्नाले इतके वर्सं झाले, पर नवी होती तवा एक दिवस गरम घास भेटला नाई मले. घरात सुनेचं ताट शेवटी. पाव्हणी होऊन गेली का पयले तुले वाढतीन. खाऊन घे." अशी सासू होती ती. आणि मी? मी त्यांच्या पाया पडताना फक्त शेवटच्या मुक्कामाचा विचार करत होते. माझ्या लग्नात तू होतं नव्हतं ते सगळं माझ्या अंगावर घातलं होतंस. घरात काय उरलं होतं ते तुझ्याइतकंच मला माहीत होतं.

तलावाच्या गावी नणंदेनं वाढलं आणि मी जेवले, पण डोळ्यांपुढं तुझी रिकामी फडताळं. मामाच्या घरी मामी मोहाची भाकर पळसाच्या पानावर ठेवून म्हणाल्या, "आमच्या रानातलं गोड हाये, लाजू नको." मी म्हटलं छान आहे. छानच होती, पण मी मनात हिशेब मांडत होते, तुझ्याकडं काय काय असेल. कण्या असतील. लाखोरीचा पाला असेल, तो तर धानाच्या बांधीत पायाखाली येतो. आणि हा माणूस, ज्याच्याशी मी अजून दोन वाक्यं धड बोलले नव्हते, तो मासे खाऊन, मध खाऊन, पानगे खाऊन तुझ्या दारात उतरेल आणि तू त्याच्यापुढं कण्या ठेवशील. लाज वाटत होती मला, माय. तुझी. आज ऐंशी उलटल्यावर हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा जे वाटलं ते हेच.

आणि मग मावशीच्या घरी तुझा निरोप आला. गोवऱ्यांच्या आरात पानगे भाजत होते, मावशी वांगी चिरत होती, आणि बाजाराहून आलेला तुझ्या गावचा माणूस अंगणात उभा राहून म्हणाला, "नवरीच्या मायनं सांगतलं, येऊ नोका. सुतक लागलं." कोण गेलं म्हणून मावशीनं विचारलं. "सिरोंच्याकडचे काका."

माय, सिरोंच्याकडचा काका मी दुधाचे दात पाडत होते तेव्हाच गेला होता! त्याचं सुतक आपण पाळलं होतं, तू मला गूळ खाऊ दिला नव्हतास म्हणून मी रडलेही होते. उभ्या उभ्या सगळं कळलं मला. जावयाला वाढायला घरात काही नाही, म्हणून तू सुतक पाडलंस. आणि त्यातही खोटं बोलायला तुला जिवंत माणूस सापडला नाही. जिवंताचं नाव घ्यायला जीभ वळली नसेल. म्हणून जो गेलेलाच होता त्यालाच परत घालवलंस. वाहवा गं माय!

आणि मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. अगदी छाती मोकळी झाली. त्या मोकळेपणाची इतकी शरम वाटली की मला रडू फुटलं आणि ते मग थांबेना. सगळ्यांना वाटलं, काकाची लाडकी होती. मावशीनं विहिरीवर नेऊन त्या थंडीत डोक्यावरून गार पाणी घातलं आणि म्हणाली, "लेकीचं सुतक पान्यानं फिटते. न्हाली, सुटली. आता जेव." मी कुडकुडत चुलीपाशी बसले. तेव्हा हे उठले, आपली चादर माझ्या खांद्यावर टाकली आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले. "लय जीव होता काय काकाचा तुयावर?" मी मान हलवली. मग पानगे खाल्ले, वांगी खाल्ली, मावशीनं तूप ओतलं तेही खाल्लं. पोटाला कुठं सुतक असतं.

परतीच्या वाटेवर हे रेंगी हाकत सगळी वाट बोलत राहिले. त्यांचे वडील कसे गेले, तेव्हा हे किती लहान होते, कोणी जवळ घेतलं नव्हतं. मी ऐकत होते. मध्येच म्हणाले, "सुतक फिटलं का मी नेतो तुले मायकडं." मी म्हटलं, नको, कशाला. "काऊन?" मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. तुझ्या गावाचा फाटा आला तेव्हा बैल सवयीनं सरळच गेले आणि मी त्या बाजूला पाहिलंही नाही. आमचा संसार सुरू झाला तो असा, दोनदा मेलेल्या काकाच्या कृपेनं. पुढं पन्नासावर वर्षं टिकला आणि चांगला टिकला.

पण तू एक गोष्ट विसरलीस, माय. दुःखाच्या घरी सोयरे शिजवून घेऊन जातात. आत्याबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी वरणभाताचा गंज भरला, वर फडकं बांधलं आणि तुझ्या गावाकडं जाणाऱ्या गाडीत बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी काऊन जाता? मी निरोप देतो." त्या म्हणाल्या, "सोयरीक माही हाये का तुयी?" त्या दिवशी मी शेण काढलं, पाणी भरलं, आणि प्रत्येक कामात चुकले. वाटत होतं, आता बाई येतील आणि चारचौघांत विचारतील, तुझी माय खोटं सुतक पाडते काय. मग मी कुठं तोंड लपवू?

त्या दिवे लागायच्या आधी आल्या. चेहरा नेहमीसारखा. गंजावर फडकं तसंच बांधलेलं, पण गंज हातात जड. कोणाशी न बोलता सैपाकघरात गेल्या आणि मला हाक मारली. फडकं सोडलं. आत लाखोरीची भाजी होती, शिजवलेली, वर चार सुक्या मिरच्या.

"तुया मायच्या हातची," त्या म्हणाल्या. "रिकामा गंज वापस देववला नाई तिच्यानं."

 त्या हळू आवाजात बोलत होत्या, बाहेर माझी थोरली जाऊ आपल्या पोराला जेवू घालत होती. "सुतकाच्या घरातून काडी कोनी देत नाई, अन कोनी घेत नाई. हे तिले बी मालूम, मले बी मालूम. पर हाताची सवय. भांडं रिकामं दिसलं अन तिनं भरलं. मंग तिच्या ध्यानात आलं का नाई, देव जाने. मी पदर सारखा केला अन गंज उचलला."

मी त्यांच्या पायांवर पडले. माय, त्या क्षणी मला मेलेली बरी असं झालं होतं. त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "आता रडू नको. काकासाठी रडली ना? तेवढं पुरे." आणि मग फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "मी गेली तवा तिनं घाईनं चुलीत पानी ओतलं. घरभर वल्ल्या राखेचा वास. दुःखाचं घर दिसावं म्हनून. मी काई बोलली नाई. वरणभात काढला, म्हटलं जेवा विहीणबाई, मी बी जेवतो. लय भुकेली होती वं तुयी माय. ती खात होती तवा मी दुसरीकडं पाहून राह्यली होती."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

म्हणजे माय, ती भाजी तुझ्या रात्रीची होती. एवढ्या दिवसांनी पोटात भात गेला आणि तू आपलं रात्रीचं जेवण विहिणीच्या गंजात घातलंस, का, तर भांडं रिकामं जाऊ नये. सुतक आठवलं नाही तुला, भूक आठवली नाही. आत्याबाईंनी त्या भाजीला वरून लसणाची फोडणी घातली, घरात सांगितलं, "येतानी बांधीतली खुडली," आणि सगळ्यांना वाढली. ह्यांनी दोनदा मागून घेतली. आईला म्हणाले, "बाई, एवढं फिरलो, पर असं कुठीच नाई खाल्लं." आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. नंतर हात धुताना एवढंच म्हणाल्या, "चौथा मुक्काम झाला. अन तुया मायले कवाच सांगू नको का मले समजलं. माह्या गळ्याची आन हाये."

मी सांगितलं नाही. तू त्यानंतर जेव्हा आलीस तेव्हा आमच्याच घरी आलीस, ओटीत काही ना काही घेऊन, बोरं, चारोळ्या, कधी मूठभर लाखोरीची डाळ. जावयाला कधी घरी बोलावलं नाहीस. तो येतो म्हणाला की तू काहीतरी कारण काढायचीस, आणि मी तुझ्या कारणाला कारण जोडायचे. जाण्याआधी, अंथरुणावर, मला म्हणालीस, "जवायाले माह्या घरी एक घास घालू शकली नाई मी." मी तुझे पाय चेपत होते. त्याने खाल्लं, माय, दोनदा मागून खाल्लं, हे ओठांवर आलं होतं. पण आन आठवली. आन आठवली की लाज आडवी आली, ते आता मलाही सांगता येत नाही. हे पुढं दर हिवाळ्यात मला लाखोरीची भाजी करायला लावायचे आणि दर वेळी म्हणायचे, "त्या दिवसासारखी नाई झाली." मी म्हणायचे, तेव्हा तुम्हाला भूक असेल.

आत्याबाई गेल्या, हेही गेले, आता आन कोणाची मोडायची म्हणून हे लिहिलं. लिहून झालं तसं कळलं की तुझ्यापर्यंत पोचायची सोय असती तरी मी हे पाठवलं नसतं. तू चुलीत पाणी ओतलंस ते कोणी पाहिलं नाही, असंच तुला वाटत राहू दे. वही नातवाला परत देईन, ही पानं आधी फाडून घेईन. पोरीला मात्र सांगणार आहे, कोंबडा नव्हता, लाखोरीची भाजी होती. चव विचारील ती. खाण्यावर बारीक लक्ष आहे तिचं.

तिला काय सांगू? त्या संध्याकाळी सगळ्यांनी खाल्ली. माझ्या ताटातली मी पदराआड लपवून गोठ्यात नेली आणि गायीपुढं टाकली.