मृत्युपत्र

मी, हिंदुराव गेनबा चोरघे, वय ७१, राहणार कात्रज, पुणे. ढेकूण-झुरळे मारण्याचा धंदा अडतीस वर्षे केला. हात कापतात, दम पुरत नाही. डोके मात्र शाबूत आहे. कोणीही दबाव आणलेला नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव पत्नी विजयमाला हिची. तिच्या हयातीत मुलगा सर्जेराव याने विक्रीचा विषय काढू नये.

२. फवारणीचे दोन्ही पंप मोडीत काढावेत. सर्जेरावाने हा धंदा पुढे चालवू नये. तोंडाला नुसता रुमाल बांधून, उघड्या हातांनी मी औषधे कालवली. परिणाम तो रोज पाहतो आहे.

३. भागीदार दत्तोबा यास काहीही नाही. मयतीलाही बोलावू नये. कारण खाली आहे.

४. मे २००९ मध्ये शनिवार पेठेतील एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, आम्ही दोघांनी ढेकणांसाठी धान्यगोदामातल्या, विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवल्या. त्या राहत्या इमारतीत वापरायच्या नसतात, हे आम्हाला ठाऊक होते. दारे-खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. शेजारच्या फ्लॅटशी सामाईक असलेली बाथरूमची डक्ट उघडीच राहिली. शेजारच्या मैनाबाईंनी जिन्यात विचारले, "काका, कसला वास येतोय हो?"

मी म्हणालो, "ढेकणांचं औषध आहे. तुम्ही खिडक्या लावून घ्या."

त्यांनी लावल्या. डक्टमधून गेलेला वायू त्यांच्या घरात कोंडला. त्यांच्या सहा वर्षांच्या हेमाला उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी अन्नातून विषबाधा म्हटले. मैनाबाईंनाही मळमळत होते. ते कोणी विचारले नाही. शिळी खिचडी घालून सुनेने पोर मारली, असे सासू ज्याला त्याला सांगत राहिली. हे सगळे माझ्या कानावर येत होते.

दत्तोबा म्हणाला, "डॉक्टरच म्हणतायत ना? मग तू कशाला तोंड उघडतोस?"

उघडले नाही. चौदा वर्षे.

५. हा प्रकार मी वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहिला. माझ्या दहाव्यानंतर सर्जेरावाने तो मैनाबाईंना द्यावा, असे पहिल्या मसुद्यात होते. विजयमालाला यातले काहीच माहीत नव्हते. मसुदा वाचून ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "मेल्यावर कशाला? त्यांच्यासमोर उभं राहावं लागू नये म्हणून?"

काल गेलो. मैनाबाईंनी दारात उभ्यानेच कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. आता हे दाखवू कुणाला?"

त्यांनी दार लावून घेतले.

६. मैनाबाईंनी तो कागद पोलिसांत दिला, तर माझ्या हयातीत वा नंतर, घरच्या कोणीही आडवे येऊ नये. त्यातले अक्षर माझेच आहे, असे सर्जेरावाने विचारतील तिथे सांगावे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली. हात कापत असल्याने डावा अंगठाही उठवला आहे.

हिंदुराव गेनबा चोरघे

साक्षीदार:
१. मच्छिंद्र बजरंग धनकवडे, कात्रज
२. शकील गुलजार तांबोळी, शनिवार पेठ

पुणे, १२ सप्टेंबर २०२३