लाख लावण्याआधी

प्रिय जयाआत्या,

मागचं पत्र मी तुला पाठवलंच नव्हतं, तरी त्यातली चूक दुरुस्त करते. लिफाफ्यांची अदलाबदल नीरजकडून नाही, माझ्याकडून झाली.

देशाच्या सुरक्षेच्या खटल्यात जजसाहेबांना द्यायचा गुप्त अहवाल वरिष्ठ सरकारी वकिलाने, म्हणजे मी, स्वतः सील करायचा असतो. गोपनीय कागद उगाच पुन्हा पाहू नये म्हणून मी न बघताच लाख लावली. अहवाल माझ्या खणातच राहिला आणि कोर्टात गेला तू पाठवलेला माझा लग्नाचा बायोडाटा.

जजसाहेबांनी तो शांतपणे वाचला. "मुलगी सुस्वभावी आहे. यात देशाला धोका कोणता?"

माझा ज्युनिअर नीरज पटकन म्हणाला, "सर, गलती माझी." बाहेर मला म्हणतो, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. माझी नोकरी तशी पण कच्ची आहे."

त्याची ती नोकरी आता मंगळवारी जाणार आहे, आणि मी अजून गप्प आहे.

शाळेत जाण्याआधी तूच मला घरी शिकवलंस, की चूक सांगताना पहिलं नाव आपलं घ्यायचं. खटला गुप्त आहे, म्हणून हे पत्रही तुला पाठवता येणार नाही. पण जजसाहेबांना सगळं ठाऊकच आहे, फक्त नाव चुकीचं. ते मी भर कोर्टात उभी राहून दुरुस्त करणार आहे, सोमवारी, १६ मार्चला.

तुझी,
धम्मदीना